आर्जियाची नजर, एर्सिलियाचं चीज

कास्तेलमेर्लो, १४ जानेवारी १९६४

प्रिय नेल्ला,

पाकिटावर ‘सिस्टर प्रासेदे’ असं नीट लिहिलंय, पण आत मला ते जमणार नाही. लहानपणी जिच्या केसांतल्या उवा मी काढल्या त्या मावसबहिणीला सिस्टर म्हणायचं म्हणजे मला हसू येतं.

आधी चांगली बातमी. सेत्तिमियो खुर्चीतून उठला.

तू मागे आलीस तेव्हा बघितलंच होतंस. बासष्टच्या सप्टेंबरात माझा नवरा तळघरातून वर आला, मुरायला ठेवलेल्या चीजच्या चकत्या उलटून झाल्या म्हणाला, हात धुतले, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बसला. पंधरा महिने. झालं काहीच नव्हतं, आणि गावाला नेमकं तेच पटेना. कुणी म्हणालं भानगड आहे, कुणी म्हणालं पोटात गाठ आहे. पाद्रीबाबा म्हणाले, मनात पाप असेल. मी म्हटलं, बाबा, पाप करायला तरी माणूस खुर्चीतून उठायला हवा. पंधरा महिने मी त्याला चमच्याने भरवलं. तोंड उघडायचा, गिळायचा, आणि माझ्याकडे बघायचा नाही.

नोव्हेंबरात डॉक्टर पालुम्बोंनी शहरातल्या कुठल्याशा प्रोफेसरला विचारून एक गोळी सुरू केली. तीन आठवडे ढिम्म फरक नाही. मग डिसेंबरातल्या एका सकाळी न्हाणीतून आवाज आला. सेत्तिमियो दाढी करत होता आणि गात होता. ते बिशप आणि हंसिणीचं घाणेरडं गाणं, सगळ्या कडव्यांसकट. मी दाराआड उभी राहून रडले आणि मग आत जाऊन त्याला झापलं.

आता वाईट बातमी. त्याला डोकेदुखीचे झटके येतात. मानेत कुऱ्हाड बसावी तसं होतं, छाती धडधडते, घामाने शर्ट भिजतो, ओकतो. दोन तासांनी उतरतं. चार वेळा झालं आणि चारही वेळा रविवारी, आर्जिया येऊन गेल्यावर. आर्जिया म्हणजे माझी थोरली जाऊ, मेलेल्या क्विंतोची बायको. ती येते, इथे तिथे बघते, ‘सेत्तिमियो काय टवटवीत दिसतोय गं’ म्हणते. ती आली की मी आमचं सगळ्यात जुनं, दीड वर्ष मुरलेलं पेकोरिनो चीज कापते, कारण क्विंतोच्या हाताला जास्त चव होती असं ती अजून गावभर सांगते. स्वतः एक तुकडाही खात नाही, पोट जड आहे म्हणते. मग तिच्या वाटणीचंही सेत्तिमियोच संपवतो. ती गेली की अर्ध्या तासात माझा माणूस आडवा.

मी ताटलीत पाणी घेऊन तेलाचे थेंब सोडले. पसरले, नेल्ला. सरळसरळ नजर आहे. तुमच्या रोममधून एखाद्या संताच्या हाडाला लावलेलं पदक पाठव, चांगल्या दणकट संताचं. सोबत दोन किलो चीज पाठवते आहे.

तुझी एर्सिलिया

•

रोम, २३ जानेवारी १९६४

प्रिय एर्सिलिया,

चीज पोचलं. ते मदर सुपीरियरच्या खोलीत ‘तपासणीसाठी’ गेलं आणि तिथून अर्धंच परत आलं.

पदक पाठवत नाही. ज्या संताचं तुझ्या मनात असेल त्याची या शहरात तीन चर्चमध्ये मिळून पाच गुडघ्याची हाडं आहेत. त्यातलं कुठलं दणकट ते मी कसं ठरवू? आणि तेलाचे थेंब पसरले म्हणजे तेल पाण्यावर पसरलं. ते तसंच करतं.

त्या गोळीच्या डबीवरचा कागद मला पाठव. मला जी वाटते आहे तीच ती असेल तर तिचं घराणं ऐकण्यासारखं आहे. युद्ध संपल्यावर जर्मनांच्या रॉकेटांचं इंधन पिंपंच्या पिंपं उरलं होतं म्हणतात. ते स्वस्तात मिळालं म्हणून औषधवाल्यांनी त्यातून काय काय बनवून बघितलं. त्यातलं एक निघालं क्षयावर. अमेरिकेत एका बेटावरच्या इस्पितळात मरणाच्या दारातल्या क्षयरोग्यांना ते दिलं, तर फुप्फुसं राहिली बाजूला आणि रोगी वॉर्डात नाचायला लागले, नर्सांना डोळे मारायला लागले. डॉक्टरांना आधी वाटलं, हा औषधाचा दोष आहे. पाच वर्षांनी कुणाच्या तरी डोक्यात आलं की खोकला नसलेल्या दुःखी माणसाला हाच दोष दिला तर काय बिघडलं? सेत्तिमियोची गोळी त्याच घराण्यातली असणार. तेव्हा तुझा नवरा रॉकेटच्या इंधनावर गातोय. हंसिणीचं गाणं चालायचंच.

चेष्टा पुरे. ते झटके मला आवडलेले नाहीत. प्रत्येक झटक्याआधीच्या चार तासांत त्याने काय केलं, काय खाल्लं, काय प्यायला ते लिहून पाठव. आर्जिया कशी बघत होती ते नको. इथल्या इस्पितळात औषधाच्या कपाटामागे वीस वर्षं बसून मी एवढंच शिकले आहे की माणसं महत्त्वाचं तेवढं सोडून सगळं सांगतात.

नेल्ला

•

कास्तेलमेर्लो, १० फेब्रुवारी १९६४

प्रिय नेल्ला,

कागद सोबत आहे. काय खाल्लं ते काय लिहायचं? माणसं जे खातात तेच. इथे माझ्या घराला आग लागली आहे आणि तू स्वयंपाक विचारतेस.

कार्निव्हलच्या गुरुवारी सेत्तिमियोचा जीव जाता जाता राहिला. सण म्हणून मी जाड शेवयांवर ते दीड वर्षाचं चीज दोन मुठी किसून घातलं होतं. तीन ताटल्या जेवला, वर आणखी एक तुकडा नुसता खाल्ला, आणि मुखवटे बघायला चौकात गेला. कारंज्यापाशी मान धरून खाली बसला. उजवा डोळा रक्तासारखा लाल. जीभ अशी जड की माझं नाव त्याला घेता येईना. डॉक्टर धावत आले, दंडाला पट्टा बांधून दाब बघितला, पट्टा काढला, परत बांधून बघितला. आकडा काय ते मला सांगितलं नाही. म्हणाले, घरी न्या, अंधारात झोपवा.

चौकात समोर कोण होतं? आर्जिया. बघत उभी.

घरी आणून त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून मी पावाची पेज केली, वर चांगलं मूठभर चीज घातलं, भरवली. तासाभरात पुन्हा तेच. मला वाटलं, आता संपलं. मी त्याचे पाय धरून बसले होते. देवाला म्हटलं, हवं तर खुर्चीत बसव त्याला, भिंतीकडे तोंड करून बसव, पण ठेव.

काल मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गावासमोर मी आर्जियाला म्हटलं, ‘माझ्या नवऱ्यावरची नजर काढ. तुझा मेला म्हणून माझा नेऊ नकोस.’ ती पांढरी पडली आणि मुलाचा हात धरून निघून गेली. आता अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही आणि उरलेलं फार बोलतं.

नजर कापायला गादीखाली कात्री उघडी ठेवली आहे. तू काही म्हण.

एर्सिलिया

•

रोम, १३ फेब्रुवारी १९६४, तातडीचं

एर्सिलिया,

हे पत्र उभ्यानेच वाच आणि वाचून होताच कर.

सेत्तिमियोला चीज द्यायचं नाही. किसलेलं, कापलेलं, पेजेतलं, कसलंच मुरलेलं चीज नाही. जुनी सॉसेजं नाहीत, खारवलेले मासे नाहीत, तांबडी वाइन नाही. ताजा रिकोत्ता चालेल, तो मुरवलेला नसतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस. आधी हे पत्र डॉक्टर पालुम्बोंना दाखव.

का ते सांगते. आपल्या अंगात एक झाडूवाला असतो. मेंदूत उत्साहाचं जे काही पाझरतं ते हा काम झालं की झाडून टाकतो. ही गोळी त्या झाडूवाल्याला घरी बसवते, म्हणून उत्साह साचतो आणि सेत्तिमियो गातो. पण तोच झाडूवाला आतड्यातही कामाला असतो. मुरलेल्या चीजमध्ये एक पदार्थ तयार होतो. जितकं जुनं चीज तितका जास्त. एरवी तो आतड्यातच झाडला जातो, तुला मला कळतही नाही. सेत्तिमियोच्या आतड्यात झाडायला कुणी नाही. सगळा माल थेट रक्तात जातो आणि दाब असा चढतो की मेंदूतली नस फुटावी. इंग्लंडात याच गोळीवरची माणसं चीज खाऊन अशीच कोसळली, काही मेली. आमच्या इस्पितळाच्या प्रोफेसरांकडे येणाऱ्या मासिकात छापून आलंय. तुझं पत्र वाचलं आणि तशीच जिन्यावरून धावत जाऊन ते शोधलं. मदर सुपीरियरने विचारलं, कुठे आग लागली? मी म्हटलं, चीजला.

आर्जिया आली की तो आजारी पडायचा हे तुझं अगदी बरोबर होतं. ती आली की तू जुनं चीज कापायचीस.

तिची माफी माग.

नेल्ला

•

कास्तेलमेर्लो, १७ फेब्रुवारी १९६४

सिस्टर प्रासेदे,

माझ्या सासऱ्याच्या आज्यापासून या घरात चीज होतंय. त्यावर माणसं नव्वदीपर्यंत जगली. इंग्लंडातल्या लोकांना चीज कशाशी खातात ते ठाऊक नाही, ते मरायचेच. तुम्हाला पाठवलेल्या दोन किलोंनी किती सिस्टर मेल्या ते कळवावं.

तुमचं खोटं सिद्ध करण्यापुरतं मी घरातलं सगळं चीज कुलपात टाकलं आहे. ईस्टरपर्यंत. तोवर पत्र पाठवू नये.

एर्सिलिया

•

कास्तेलमेर्लो, ३१ मार्च १९६४

प्रिय नेल्ला,

सहा आठवड्यांत एकही झटका नाही. डॉक्टर दर आठवड्याला दाब मोजतात आणि मोजून झाल्यावर आपलाच घाम पुसतात.

मला लिहायला उशीर झाला कारण लाज वाटत होती. त्या गुरुवारी पेजेवर मूठभर चीज मी घातलं. तो नको म्हणून मान फिरवत होता आणि मी म्हणत होते, ‘एवढं खा माझ्या राजा, ताकद येईल.’ पंधरा महिने ज्या चमच्याने त्याला जगवलं, त्याच चमच्याने मी त्याला मारत होते. हे मला रात्रंदिवस टोचतं.

आर्जियाकडे गेले काल, ईस्टरच्या सोमवारी. अंडी नेली होती. दार उघडून उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

मी म्हटलं, ‘नजर नव्हती. चीज होतं.’

‘कुणाचं चीज?’

‘माझं.’

‘परत सांग.’

‘माझं चीज, आर्जिया. आता सोड की.’

ती म्हणाली, ‘माझ्या नजरेत एवढी ताकद असती ना, तर तीस वर्षांपूर्वी तुझ्या कोंबड्या मेल्या असत्या, सेत्तिमियो नाही. तो मला भावासारखा आहे.’ मग अंडी मोजून घेतली आणि म्हणाली, ‘क्विंतोच्या हाताला जास्त चव होती, हेही म्हण.’ म्हटलं, नेल्ला. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं. मग आत घेतलं, कॉफी दिली, आणि आम्ही दोघी रडलो, ती थोडी कमी.

आता एकच उरलंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू? सेत्तिमियो रोज तळघरात जातो. पोकळ सळई चकतीत खुपसतो, बाहेर काढतो, सळईतल्या चीजचा वास घेतो, बोटाने दाबून बघतो, आणि तोंडात न घालता परत भोकात बसवतो. चीज करणाऱ्याने चीज चाखायचं नाही म्हणजे काय? एक दिवस त्याच्या मनात काय येईल आणि तो हात धुऊन खुर्ची भिंतीकडे वळवेल, या भीतीने मी जिन्यात बसून असते. चीज चालेल अशी दुसरी गोळी असेल तर सांग.

मी चाखून सांगितलं असतं. पण एक गोष्ट तुझ्याजवळच राहू दे. मला पेकोरिनो आवडत नाही. कधीच आवडलं नाही. लग्न ठरलं तेव्हा सासूसमोर ‘वा’ म्हणून बसले आणि मग तीस वर्षं तेच म्हणत राहिले.

तुझी एर्सिलिया

•

रोम, ९ एप्रिल १९६४

प्रिय एर्सिलिया,

माझं हसणं चॅपेलपर्यंत ऐकू गेलं. पेकोरिनो न आवडणारी पेकोरिनोवाली. तुझं गुपित माझ्या कपाटात विषारी औषधांच्या कप्प्यात ठेवलं आहे.

दुसरी गोळी आहे. स्वित्झर्लंडची. एका सरोवराकाठच्या वेड्यांच्या इस्पितळात डोक्याने भ्रमिष्ट झालेल्यांना ती देऊन बघत होते. त्यांचा भ्रम काही जाईना, एकदोघे तर जास्तच चेकाळले. मग तीच उदास माणसांना दिली आणि ती उठून बसली. तुझ्या लक्षात आलं असेल, या धंद्यात ज्याला जे शोधायचं ते सापडत नाही.

तिच्यावर चीज चालतं. पण नीट ऐक. पहिली गोळी बंद केल्यावर दोन आठवडे कुठलीच गोळी घ्यायची नाही, कारण दोन्ही एकमेकींत मिसळल्या तर त्या चीजपेक्षा वाईट. मग दुसरी सुरू केली की ती कामाला लागायला तीन आठवडे. म्हणजे पाच आठवडे सेत्तिमियो उघड्यावर. खुर्ची परत येऊ शकते. येईलच असं नाही, पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

आणि पुढचं ऐकून हसावं की रडावं ते तू बघ. ती गोळी तोंड कोरडं करते. पीठ भरल्यासारखं. पोट आठवडा आठवडा साफ होत नाही ते वेगळंच. चीज खाता येईल, चव कळेलच असं नाही. देवाला विनोदाची आवड आहे असं माझं मत आहे, फक्त ते मी कबुलीजबाबात सांगत नाही.

आता तू लगेच ठरवायला बसशील. बसू नकोस. या सगळ्यात आपण तिघांनी, तू, मी आणि पालुम्बोंनी, भरपूर पत्रं लिहिली. सेत्तिमियोला कुणी विचारलं आहे का?

मेच्या पहिल्या तारखेला तुम्ही कुरणावर हिरव्या बाकल्याच्या शेंगा आणि चीज खायला जालच. शेंगांबद्दलही कुणीतरी शंका काढली आहे, अजून पक्कं नाही. पण त्याला देऊ नकोस.

नेल्ला

•

कास्तेलमेर्लो, ४ मे १९६४

नेल्ला,

मी पत्रं लिहीत नाही. मागचं सैन्यातून लिहिलं होतं, आईला, मोजे पाठव म्हणून.

एर्सिलियाने मला विचारलं. भांडी घासत, पाठ माझ्याकडे. ‘दोन गोळ्या आहेत. एकीत चीज बंद, दुसरीत चव बंद, आणि मधे पाच आठवडे कदाचित खुर्ची. कुठली?’ मी म्हटलं, ‘खुर्ची जाळून टाक.’ चांगल्या लाकडाची आहे म्हणाली, कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली. मी याच गोळीवर राहतोय.

चाखायचं काम आता तिचं. तिला चीज आवडत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. रुमालात थुंकते. बोललो नाही, कारण ‘वा’ फार मनापासून म्हणायची. आता तिचे दोनच शेरे असतात, ‘बरं आहे’ आणि ‘शी’. शी म्हणते ती चकती मी वर ठेवतो, ती उत्तम निघते.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. चीजचं मला जानेवारीतच कळलं होतं. चाळीस वर्षं मी जिभेवर काय ठेवलं आणि मग काय झालं एवढंच बघत आलोय. तळघरात कोवळ्या चकतीचा तुकडा खाल्ला तर काही नाही, जुन्या चकतीचा खाल्ला की मान धरायची. ही गोळी घ्यायला लागण्याआधी असं कधी होत नव्हतं. दोन अधिक दोन मला येतात. पण मी बोललो असतो तर पालुम्बोंनी गोळी काढून घेतली असती. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून एर्सिलिया वाढेल ते मी खात राहिलो. चर्चच्या पायऱ्यांवर आर्जियाला बोलणी बसली तेव्हा मी दोन पावलांवर उभा होतो आणि तोंड मिटून राहिलो. त्याची लाज वाटते. तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘तुम्ही दोघे एकमेकांना मिळालात हे गावाचं नशीब.’

डोकं फुटून मेलो असतो तर एका दुपारी मेलो असतो. खुर्चीत मी पंधरा महिने मेलेला होतो आणि समोर एर्सिलिया चमचा घेऊन बसलेली दिसायची. दिसायची, पण माझ्या आत काही हलायचं नाही. दया नाही, प्रेम नाही. तिथे परत जायच्या भीतीपुढे मला मान धरणं काहीच वाटत नव्हतं. हे पाकीट तीच पोस्टात टाकेल, त्याआधी किटलीच्या वाफेवर उघडेल. उघडू दे. तोंडाने सांगायला मला जमणार नाही.

मेच्या पहिल्या तारखेला सगळे वरच्या कुरणावर गेलो. शेंगा सोलत होते, चीज कापत होते. मी एक शेंग हातात घेतली, नुसती, चाळा म्हणून. एर्सिलियाने सगळ्यांसमोर ती हिसकावून घेतली, माझ्या गळ्यात रुमाल बांधला आणि पुढ्यात रिकोत्ताची वाटी ठेवली, चमच्यासकट. आर्जियाचा मुलगा फिसकन हसला.

नेल्ला, मला राग आला. डिसेंबरात गाणं परत आलं होतं, मग भूक आली, झोप आली. राग आला नव्हता. मी विसरलोच होतो तो कुठून सुरू होतो. पोटातून सुरू होतो. मी रुमाल ओढून काढला, चमचा झुडपात फेकला आणि डोंगर उतरायला लागलो. मागून ती मला आणि माझ्या आज्याला शिव्या घालत येत होती. मी एकदाही वळलो नाही. कुरणापासून घर तीन किलोमीटर आहे, आणि मी दाराशी पोचलो तेव्हाही रागावलेलोच होतो.

सेत्तिमियो